गरज पडल्यास म्हणजे नेमकं केव्हा?

औषधाच्या चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे पुष्कळदा ‘एसओएस’ अशी तीन अक्षरं असतात. सदाशिव पेठेतल्या एका मेडिकलच्या काउंटरवर मी जी वर्षं काढली, त्यात या तीन अक्षरांचे तीन अर्थ कायम ऐकत आलो. पहिला, अगदी जिवावर बेतलं तरच घ्यायची गोळी. दुसरा, मनाला येईल तेव्हा घ्यायची गोळी. आणि तिसरा, डॉक्टरांनी लिहिली म्हणून घरात असू द्यायची, पण घ्यायची नाही अशी गोळी. हे अर्थ सांगणारी माणसं अडाणी नसतात. निवृत्त प्राध्यापक असतात, बँकेतले अधिकारी असतात, बिलातली आठ आण्यांची चूक उभ्या उभ्या दाखवणारे असतात. गोळी कधी घ्यायची, एवढंच त्यांना त्या कागदावरून कळलेलं नसतं.

यात त्यांचा दोष नाही, कारण ती अक्षरं त्यांच्यासाठी लिहिलेलीच नाहीत. ती ज्यांच्यासाठी होती तो माणूस आपल्या दवाखान्यांतून केव्हाच नाहीसा झाला, कागद मात्र तसाच राहिला. म्हणून औषध कसं, केव्हा, किती आणि कुठवर घ्यायचं हे रुग्णाच्या भाषेत, पुऱ्या वाक्यात लिहून देणं महाराष्ट्रात बंधनकारक करावं, असं माझं मत आहे. औषधाचं नाव इंग्रजीत राहू द्या, माझी त्याला ना नाही. मी बोलतोय ते नावाखालच्या ओळीबद्दल.

आधी त्या तीन अक्षरांचा उलगडा करू. बुडत्या जहाजाच्या हाकेशी त्यांचा काहीएक संबंध नाही. बिनतारी संदेशातलं एसओएस, म्हणजे तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं, हे जर्मनीने १९०५ मध्ये आपल्या नियमांत घातलं आणि १९०६ च्या बर्लिन परिषदेने ते जगासाठी ठरवून दिलं. ती खूण निवडली ती कानाला चटकन ओळखू येते म्हणून. अक्षरांना अर्थ असा नव्हताच, ‘आमचे जीव वाचवा’ वगैरे लोकांनी मागाहून जोडलेलं आहे. चिठ्ठीवरचं एसओएस त्याहून पुष्कळ जुनं आणि पूर्ण निराळ्या घराण्यातलं आहे. ‘सी ओपुस सित’ या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरं. अर्थ साधा आहे: गरज असेल तर.

सबंध चिठ्ठीच अशी लॅटिनने भरलेली असते. बीडी म्हणजे ‘बिस दिए’, दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे ‘तेर दिए सुमेंदुम’, दिवसातून तीनदा घ्यायचं. (मार्च महिन्यात ही अक्षरं पाहून दचकलेले नोकरदार मी पाहिले आहेत.) एचएस म्हणजे ‘होरा सोम्नी’, झोपायच्या वेळी. स्टॅट म्हणजे ‘स्तातिम’, ताबडतोब. आणि अगदी वर डाव्या कोपऱ्यात असते ती पाय छेदलेली आर ही खूण. ती गुरू ग्रहाच्या चिन्हावरून आली, इजिप्तच्या देवाच्या डोळ्यावरून आली, अशा कथा मोबाइलवर फिरत असतात. त्या ऐकायला गमतीच्या आहेत, पण ती आहे ‘रेसिपे’ या आज्ञार्थी क्रियापदाची आखूड खूण. रेसिपे म्हणजे ‘घे’. हे ‘घे’ रुग्णाला सांगितलेलं नाही. औषध तयार करणाऱ्याला सांगितलं आहे, की बाबा रे, पुढे लिहिल्यात त्या वस्तू घे.

आता आपल्या गावाला व्युत्पत्तीचं वेड फार. डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचं काम १९४८ पासून चालू आहे. पहिला खंड निघाला १९७६ मध्ये, आणि अजून वर्णमालेतला स्वरांचा भाग पुरता ओलांडायचा आहे. अशा गावात वरची यादी वाचून कुणाच्या तरी डोळ्यांत चमक येणारच. कारण ही लॅटिन मंडळी आपल्या ओळखीची निघतात. बिस म्हणजे संस्कृतातलं द्विः. तेर म्हणजे त्रिः. दिए आणि आपला दिवस एकाच घरचे. सोम्नी म्हणजे स्वप्न. त्याच्या आधीचा होरा तर सख्खा, ग्रीकांकडून एक फाटा रोमला गेला आणि दुसरा आपल्या ज्योतिषात आला. ओपुस म्हणजे काम, वेदातलं अपस्. आणि शेवटचं ‘सित’ हे थेट ‘स्यात्’, जैनांच्या स्याद्वादातलं स्यात्! व्हायरस आणि विष यांचंही नातं असंच आहे.

हे सगळं खरं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. मात्र यावरून ‘म्हणजे मूळचं आपलंच’ अशी जी उडी मारली जाते, तिला आधार नाही. या भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत, आई-मुली नाहीत. शिवाय बहीण असली म्हणून सांगितलेलं कळतंच असं नाही. होरा आणि स्वप्न हे दोन्ही शब्द ठाऊक असलेले एक शास्त्रीबुवा एचएस लिहिलेली गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर घेत होते आणि नऊच्या बातम्यांना पेंगत होते. गोळी झोपेची होती, ती अंथरुणाला टेकताना घ्यायची होती.

चिठ्ठीच्या जुन्या रचनेत मात्र एक गोष्ट अशी आहे, की जी कळल्यावर माझं हे मत पक्कं झालं. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला चिठ्ठीचे चार भाग शिकवतात. वरची आज्ञा, म्हणजे ते ‘घे’. मग औषधांची नावं आणि मापं. मग औषध करणाऱ्याला सूचना, कशात काय मिसळायचं, वड्या वळायच्या की पुड्या बांधायच्या. आणि चौथा भाग ‘सिग्नातुरा’. याचा सहीशी संबंध नाही, ‘खूण कर, लिहून चिकटव’ असा त्याचा अर्थ. हा भाग रुग्णासाठी. औषध देणाऱ्याने तो रुग्णाला कळेल अशा भाषेत बाटलीवर किंवा पुडीवर लिहायचा. म्हणजे लॅटिनच्या ऐन भरभराटीतही रुग्णाच्या हातात लॅटिन पडावं असं कुणाच्या मनात नव्हतं. डॉक्टर अर्धं वाक्य लिहायचा, मधला माणूस ते पुरं करायचा.

आपल्याकडे तो मधला माणूस म्हणजे कंपाउंडर. साठी ओलांडलेल्यांना तो आठवत असेल. पेठेतल्या दवाखान्यात लाकडी खिडकी असायची, तिच्या मागे हा उभा. बाटली आपण घरून न्यायची, धुतलेली. तो त्यात गुलाबी मिक्श्चर भरायचा आणि कागदाची एक उभी पट्टी कात्रीने दोन्ही अंगांनी खाचे पाडून बाटलीला खळीने चिकटवायचा. एक खाच, एक डोस. मोजायला चमचा नको, की आकडे वाचता यायला नकोत. आणि बाटली हातात देताना तोंडाने सांगायचा: “हलवून घ्या काकू, तीन वेळा, काहीतरी खाल्ल्यावर. ताप उतरला तरी उद्यापर्यंत घ्यायचं. आंबट नको.” डॉक्टरांच्या टीडीएसचं त्याने केलेलं हे मराठी पाहा. तीन अक्षरांत त्याने पाच गोष्टी भरल्या, आणि त्यातल्या चार डॉक्टरांनी लिहिलेल्याही नव्हत्या. त्याचं शिक्षण फारसं नसायचं आणि त्या काळाचे इतर धोके होतेच, त्यामुळे मी त्या खिडकीपुढे आरती ओवाळत नाही. पण चिठ्ठीतलं अर्धं वाक्य तिथे पुरं होत होतं.

आज औषध कारखान्यातून पाकिटात येतं. दवाखान्यातली खिडकी गेली. मेडिकलवाल्याकडे एका हाताने यूपीआयचा आवाज ऐकत दुसऱ्या हाताने स्ट्रिप कापायचं काम असतं. दहाच्या स्ट्रिपमधल्या सहा गोळ्या कापून दिल्या, की कित्येकदा औषधाचं नाव दुकानात राहतं आणि मुदतीची तारीख गिऱ्हाइकाबरोबर जाते, किंवा उलट. मग कागदी पाकिटावर बॉलपेनने १-०-१ असं काहीतरी खरडून द्यायचं. गर्दी असली तर तेही नाही.

एसओएसचं तर याहून अवघड. ही सूचना मुळातच मधल्या माणसाच्या भरवशावर उभी आहे. रुग्णालयाच्या वॉर्डात ती उत्तम चालते. रात्री दोन वाजता पेशंट कण्हतो, सिस्टर येते, कुठे दुखतंय विचारते, शेवटची गोळी किती वाजता दिली ते चार्टवर बघते, बीपी बघते, आणि मग ठरवते की ‘ओपुस’ आहे की नाही. गरज कुणी ठरवायची, हा प्रश्नच तिथे येत नाही. तोच कागद डिस्चार्जच्या फाइलमधून कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर जातो तेव्हा सिस्टर बरोबर जात नाही. पेशंट हाच आता स्वतःचा सिस्टर.

एक आजी दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला यायच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांच्या चिठ्ठीत वेदनेची गोळी एसओएस लिहिलेली होती. परदेशातल्या मुलाने फोनवर सांगितलं, “आई, एसओएस म्हणजे इमर्जन्सी.” झालं. आजींनी ती गोळी देवघराच्या फळीवर ठेवून दिली आणि ओठ दाबून रात्री काढल्या. दुखतं म्हणून व्यायाम नाही, व्यायाम नाही म्हणून गुडघा वाकेना. फिजिओथेरपीची ताई वैतागली. याच्या नेमकं उलट, कंबर धरलेले एक रिक्षावाले काका. त्यांनी एसओएसचा अर्थ ‘लागेल तशी’ असा घेतला आणि डायक्लोफेनॅक दिवसातून चार-पाच वेळा, वर चहा, अशी आठवडाभर घेतली. पाय सुजले तेव्हा विचारायला आले. असल्या गोळ्या बीपी वाढवतात, पोटात व्रण करतात, मूत्रपिंडावर ताण आणतात. दोघांच्याही चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेलं बरोबरच होतं.

मग एसओएसऐवजी देवनागरीत ‘गरज पडल्यास’ लिहिलं की झालं का? तर नाही. मराठीचा कैवार घेणारे आणि मी, आमचं इथे फाटतं. आजींनी ‘गरज पडल्यास’ वाचूनही गोळी फळीवरच ठेवली असती आणि काकांनीही ती पाच वेळाच घेतली असती. लॅटिनमधलं अर्धं वाक्य मराठीत आणलं तरी ते अर्धंच राहतं. पुरं वाक्य असं असतं: “गुडघा दुखून झोप लागत नसेल किंवा व्यायाम करता येत नसेल तर एक गोळी, जेवणानंतर. दोन गोळ्यांत आठ तासांचं अंतर. दिवसात दोनच्या वर नको. तीन दिवसांनंतरही लागत असेल तर फोन करा.” आकडे औषधाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलतील, ते डॉक्टरांनी ठरवायचे. पण केव्हा, किती, किती अंतराने आणि कुठे थांबायचं, यातलं काहीही गाळून चालणार नाही.

सरकारी मराठीच्या हाती हे काम गेलं तर काय होईल याचीही मला धास्ती आहे. ‘आवश्यकतेनुसार मौखिक सेवन करावे’ असं काहीतरी छापून येईल आणि ते लॅटिनपेक्षा जास्त लोकांना कळणार नाही. आयुर्वेदातही औषध घ्यायच्या वेळांना भारदस्त नावं आहेत, प्राग्भक्त, अधोभक्त, सग्रास. सुश्रुताने असे दहा काळ सांगितले आहेत. पण रास्ता पेठेतला वैद्य चिठ्ठीवर लिहितो ‘अनशापोटी, कोमट पाण्याबरोबर’ किंवा ‘मधातून चाटण, जेवणाआधी’. त्याला शास्त्रातला शब्द येत असतो, पण कागद कुणाच्या हातात जायचा आहे हेही ठाऊक असतं. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी वैद्यांकडून दुसरं काही घेतलं नाही तरी एवढं ‘अनशापोटी’ घ्यावं. थायरॉइडच्या गोळीपुढे ते लिहिलं, तर सकाळच्या चहाबरोबर ती गोळी गिळणाऱ्यांची संख्या निम्म्याने तरी कमी होईल, असा माझा काउंटरवरचा अंदाज आहे.

आखूड अक्षरांचे धोके ही फक्त आपली तक्रार आहे असंही नाही. ओडी हे घ्या. आपल्याकडे गोळीपुढे ओडी म्हणजे ‘ओम्नी दिए’, रोज एकदा. चष्म्याच्या नंबराच्या कागदावर तेच ओडी म्हणजे ‘ओकुलुस देक्स्तेर’, उजवा डोळा. डोळ्यांत घालायच्या थेंबांपुढे ओडी लिहिलं असेल तर काय समजायचं? अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ पासून वापरायचीच नाहीत अशा आखूड खुणांची यादी लागू केली. ‘रोज’ या अर्थाचं क्यूडी त्यात आहे, कारण ते क्यूआयडी, म्हणजे दिवसातून चारदा, असं वाचलं जाण्याची भीती. ज्या ब्रिटनकडून आपण ही सगळी अक्षरं उचलली, तिथल्या डॉक्टरांच्या रोजच्या हाताशी असलेल्या औषधसूचीत सूचना शक्यतो आखूड न करता इंग्रजीत लिहा, असं स्वच्छ म्हटलं आहे. त्यांनी आपल्या रुग्णांना लॅटिनमधून सोडवलं, आणि आपण ते अजून गळ्यात बांधून फिरतो आहोत. तिथेही हे सुखासुखी झालं नाही. लंडनच्या वैद्यमंडळींचा लॅटिनमधला औषधसंग्रह निकोलस कल्पेपरने १६४९ मध्ये इंग्रजीत आणला, तेव्हा मंडळी त्याच्यावर खवळली. ज्ञान बाजारात मांडलं, हा त्याचा गुन्हा.

धोका नुसता दोनदा की तीनदा एवढाच असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. मेथोट्रेक्सेट हे संधिवाताच्या काही प्रकारांत दिलं जाणारं औषध आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, आणि माणूस दगावूही शकतो. अशा घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. ब्रिटनमध्ये या गोळीसाठी वाराचं नाव पूर्ण लिहायला सांगतात. आपल्याला हे किती सोपं आहे! आपल्या घरात उपास वारांवर चालतात. ‘फक्त गुरुवारी, इतर दिवशी नाही’ एवढं मराठीत लिहिलं, तर दत्ताच्या भक्ताच्या हातून ती गोळी शुक्रवारी घेतली जाणं कठीण.

उपासावरून १-०-१ कडे येतो. पुष्कळ डॉक्टर लॅटिन सोडून याच्याकडे वळले आहेत, आणि वाचायला ते नक्कीच बरं. सकाळ, दुपार, रात्र, तीन घरं. भाषाही लागत नाही. पण ही तीन घरं कुणाच्या दिवसाची? चाकणला रातपाळी करणाऱ्या मुलाची सकाळ दुपारी दोनला होते. हिंजवडीतली मुलगी सकाळी खातच नाही, तिचं पहिलं जेवण एक वाजता. तिने ‘सकाळी जेवणानंतर’ कधी घ्यायचं? आणि चतुर्थी, एकादशी, नवरात्र, रमझान? एकादशीला साबुदाण्याची खिचडी हे जेवण धरायचं का, हा प्रश्न मला गंभीरपणे विचारला गेला आहे, आणि तो विनोदी मुळीच नाही. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन दिवसभर निर्जळी केली तर साखर धाडकन उतरते. घाम, थरथर, कधी कधी शुद्धही जाते. ‘ज्या दिवशी उपास, त्या दिवशी ही गोळी घ्यायची की नाही ते आधी विचारा’ हे वाक्य या गोळीच्या प्रत्येक चिठ्ठीवर हवं. परदेशी औषधसूचीत ते आयतं सापडेल याचा भरवसा नाही. ते इथेच लिहावं लागेल.

कायदा याबाबत काय म्हणतो? १९४५ च्या औषध नियमावलीतला पासष्टावा नियम सांगतो, की चिठ्ठी लेखी हवी, सही-तारखेसह हवी, तीवर रुग्णाचं नाव-पत्ता, औषध एकूण किती द्यायचं आणि मात्रा किती, हे हवं. मात्रा रुग्णाला कळली पाहिजे असं त्यात नाही. २०१६ मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने औषधांची मूळ नावं सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या, म्हणजे कॅपिटल, लिपीत लिहायला सांगितलं. चांगलंच केलं. पण मोठी-लहान लिपी हा रोमनचा मामला, देवनागरीत असला भेदच नाही. यावरून नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वाचक कोण होता ते कळतं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी आम्हा औषध देणाऱ्यांवर रुग्णाला समजावून सांगण्याची जबाबदारी टाकली आहे. ती आम्ही किती पार पाडतो, ते वाचकांनी आपल्या गल्लीतल्या दुकानावरून ताडावं. आमच्या व्यवसायाची बाजू घेऊन मी इथे खोटं बोलणार नाही. बहुतेक काउंटरवर समजावून सांगणं म्हणजे “लिहिलंय त्यावर” एवढंच असतं.

आणि मराठीच्या बाबतीत आपण काय काय करून बसलो आहोत! २०२२ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि लहान-मोठ्या सगळ्याच दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली. व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या बदलल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी अभिजात ठरली, पेढे वाटले गेले. आज माझ्या ओळखीच्या प्रत्येक मेडिकलवर हातभर उंचीच्या अक्षरांत मराठी नाव आहे, आणि त्या पाटीखालून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातातल्या कागदावर मराठीचं एक अक्षर नाही. दुकानाचं नाव चुकीचं वाचलं तर कुणाचं काही बिघडत नाही. शेजारी मध्य प्रदेशात २०२२ मध्ये वैद्यकीय पुस्तकं हिंदीत आणली, तेव्हा तिथल्या मुख्यमंत्र्यांनी डॉक्टरांना चिठ्ठीच्या माथ्यावर ‘श्री हरि’ लिहून मग औषधं हिंदीत लिहायचा सल्ला दिला होता. माथ्यावर श्री हरि असो नाहीतर ते छेदलेलं आर, माझी कशालाच हरकत नाही. रुग्णाचा जीव त्याच्या बऱ्याच खालच्या ओळीत अडकलेला असतो.

डॉक्टर मित्र यावर जे आक्षेप घेतात, त्यांतला वेळेचा आक्षेप खरा आहे. ससूनच्या ओपीडीत सोमवारी सकाळी जाऊन पाहावं. तिथे डॉक्टरला मान वर करायला सवड नसते, पुरी वाक्यं कुठून लिहिणार? पण हाताने लिहायला कोण सांगतंय? मोठ्या खासगी रुग्णालयांत चिठ्ठी आज संगणकातूनच निघते. डॉक्टर यादीतून औषध निवडतो तसंच वाक्यही निवडेल. लहान दवाखान्यात रबरी शिक्के चालतील. नेहमी लागणारी वाक्यं पंचवीस-तीसच्या वर नाहीत.

दुसरा आक्षेप, पुण्यातला पेशंट आता मराठीच असतो असं नाही. बांधकामावरचा गडी बिहारचा, भाजीवाली कर्नाटकातली, सोसायटीतला वरच्या मजल्यावरचा तमिळ. हेही खरंच. म्हणून तर मी ‘रुग्णाच्या भाषेत’ म्हणतो. संगणकात मराठीबरोबर हिंदी, कन्नड घालणं ही एका संध्याकाळची बाब नसली तरी एका वर्षाची नक्कीच नाही. ज्यांना कुठलीच लिपी येत नाही त्यांच्यासाठी सूर्य-चंद्राची चित्रं आमचे जुने मेडिकलवाले पाकिटावर काढायचेच.

“लेखी दिलं की उद्या कोर्टात तेच आमच्यावर उलटेल,” हे उघडपणे कुणी बोलत नाही, पण असतं मनात. मला उलटं वाटतं. ‘दिवसात दोनच्या वर नको’ असं स्वच्छ मराठीत लिहिलेला कागद पेशंटपेक्षा डॉक्टरचंच जास्त रक्षण करेल. एसओएस कुणाचंच करत नाही.

सुरुवात महापालिकेच्या दवाखान्यांपासून करता येईल. तिथला केसपेपर महापालिकाच छापते, त्यावर खालच्या अंगाला ‘औषध कसं घ्यायचं’ अशी एक चौकट वाढवायला कुणाची परवानगी लागणार नाही. एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, मेडिकलवाल्यांना कापलेल्या स्ट्रिपबरोबर नाव, मुदत आणि सूचना छापलेलं छोटं लेबल द्यायला लावावं. बिलाचा प्रिंटर प्रत्येकाकडे आहेच, त्यातूनच ते निघेल. राहिला प्रश्न त्या पंचवीस-तीस वाक्यांचा. ती भाषातज्ज्ञांच्या समितीकडे पाठवू नयेत, हात जोडून विनंती. गावातले पाच-सहा अनुभवी फार्मासिस्ट आणि वॉर्डात केस पांढरे झालेल्या दोन सिस्टर एका टेबलाभोवती बसवल्या, तर पहिला खर्डा एका बैठकीत होईल. मग डॉक्टरांनी लाल पेन घेऊन त्यात काय हवं ते बदलावं. बैठक दुपारी एक ते चार ठेवली तर आम्हालाही सोयीचं. मेडिकल तेव्हा उघडं असतं, पण गिऱ्हाईक पुण्याचं असल्यामुळे झोपलेलं असतं.